शेपटीची गाठ

धुकं आहे. नेमुरोची बस दोन तास उशिरा.
कुशिरोच्या स्थानकात तिकीटखिडकीची झडप अर्धी ओढून
मी मांडीवर तळहाताएवढा पडदा पेटवते.
शेजारच्या खिडकीतली ओनोदेराबाई म्हणते, पुन्हा तेच?
तेच. पण नव्यानं रंगवलेलं.

तेव्हा समुद्र म्हणजे निळे चौकोन होते,
न्हाणीघरातल्या फरश्यांसारखे.
आता लाट येते, फुटते, वाळूवर ओला काठ सोडून जाते.
सरायवाली तेव्हा सोळा ठिपके रुंद होती
आणि तिला एकच वाक्य यायचं:
उत्तरेला जाऊ नका, थंडी फार आहे.
आम्ही तिला मासळीबाजारातल्या कुदोबाईचा चेहरा दिला होता,
पुढचा एक दात पडलेला.
आता तिला स्वतःचा चेहरा आहे, गोड आवाज आहे,
सगळे दात आहेत.
मी तिला ओळखलंच नाही.
खोलीचं भाडं मात्र तेच, आठ नाणी.
छत्तीस वर्षांत तेवढं एकच महागलं नाही.

तेव्हा खेळ स्वतःहून काही लक्षात ठेवत नसे.
थांबताना परवलीचा मजकूर द्यायचा,
अठ्ठेचाळीस अक्षरं, अर्थ शून्य,
कुणी झोपेत बरळावं तशी.
केन्नोसुके वाचायचा, मी लिहायची
बाबांच्या बोटीच्या डिझेलच्या वहीत, मागून.
दुसऱ्या दिवशी मी वाचायची, तो बटणं दाबायचा.
एक अक्षर चुकलं की
तलवार गेली, सोनं गेलं, सगळा हिवाळा गेला.

आमच्या लिपीत दोन अक्षरं जुळ्या बहिणींसारखी आहेत.
शेपटीला गाठ असली की 'ने'.
नसली की 'वा'.

फेब्रुवारीत तो शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोचला.
उद्या संपेल, म्हणाला,
मग मी रोज बर्फावर, हॉकीला.
तो नऊ वर्षांचा, मी अकरा.
त्या रात्री मी खोडरबर घेतलं
आणि एक गाठ पुसली.

सकाळी यंत्र म्हणालं, मजकूर चुकीचा आहे.
पुन्हा म्हणालं.
तो रडला नाही. माझ्या अक्षराकडे बघत राहिला,
मग वायर नीट गुंडाळली
आणि बूट शोधायला गेला.
हॉकीला तो गेलाच.
एक दिवस आधी.

नवा खेळ पावलागणिक स्वतःच सगळं जपून ठेवतो.
चुकायची सोय नाही,
म्हणजे कबूल करायचीही नाही.

तेव्हा नावाला चारच घरं होती.
केन्नोसुके आमच्या लिपीत पाच अक्षरांचा,
शेवटचं गळलं, आणि केन्नोसु राक्षसांशी लढला.
घरीही तो केन्नोसुच राहिला.
त्याच्या लग्नातल्या भाषणात माझ्या तोंडून तेच गेलं,
सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.
आता तो तोमाकोमाईला कागदाच्या कारखान्यात.
नववर्षाला फोन. हवा, गुडघे, पगार.
नव्या खेळात नावाला आठ घरं आहेत.
मी चारच भरली.

काल शेवटच्या किल्ल्याचं दार आलं.
हात पुढे जाईना.
मागे फिरले, सरायत आठ नाणी मोजली, निजले.

आज सकाळी फोनवर त्याला एकच अक्षर पाठवलं.
'ने.'
एकटं असलं की त्याचा अर्थ, ए, ऐक ना.
शेपटीला गाठ आहे की नाही
ते दोनदा पाहिलं.

'वाचलं' एवढंच खाली उमटलंय. अजून.

धुक्यात दोन पिवळे दिवे, नेमुरोची असावी.
झडप वर करायला हवी.
मांडीवर सरायवाली पापण्या मिटते, उघडते.
पूर्वी तिला पापण्या नव्हत्या,
सगळं उघड्या डोळ्यांनी बघायची.